क्वार्टरबॅकने पगार मागितलाच नव्हता

६ जून २०२५ रोजी न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी खेळाडूंच्या कमाईवरील निर्बंधांविरुद्धच्या ‘हाऊस’ खटल्यातील तडजोडीवर शिक्कामोर्तब केले आणि १ जुलैपासून अमेरिकेतील मोठी विद्यापीठे आपल्या क्रीडा उत्पन्नातला वाटा खेळाडूंना थेट देऊ लागली. पहिल्या वर्षी एका विद्यापीठाने जास्तीत जास्त २ कोटी ५ लाख डॉलर वाटावेत अशी मर्यादा ठरली. शिवाय आधीच्या खेळाडूंना त्यांच्या बुडालेल्या कमाईपोटी दहा वर्षांत सुमारे २८० कोटी डॉलर देण्याचे कबूल झाले. तेव्हापासून कॉलेज फुटबॉलवरची (अमेरिकन फुटबॉल, सॉकर नव्हे) सगळी चर्चा एकाच जागी घुटमळते आहे. वीस वर्षांच्या पोराच्या हातात एवढा पैसा द्यावा का? आज या कॉलेजात आणि पुढच्या वर्षी त्या कॉलेजात, अशा मुलाची निष्ठा नेमकी कुणाशी? अमेरिकेतल्या मराठी घरांतही, जिथे मुलांच्या शिक्षणाचा हिशोब पै-पैने मांडलेला असतो, हे प्रश्न याच सुरात विचारलेले मी ऐकतो. खेळ नासला म्हणून हळहळणारे एका बाजूला आणि बाजारात येईल तो भाव खेळाडूने घ्यावा म्हणणारे दुसऱ्या बाजूला, असे दोन तट पडले आहेत. पण वाद पैशांचा आहे, यावर दोघांचेही एकमत आहे. माझ्या मते दोघेही चुकतात. कॉलेजचा फुटबॉलपटू हा त्या विद्यापीठाचा कर्मचारी आहे आणि आपल्या कामाच्या अटी संघटितपणे ठरवून घेण्याचा हक्क त्याला मिळाला पाहिजे, हा मूळ मुद्दा आहे. पैसा किती, हे त्यानंतर येते. हे म्हणणे माझे एकट्याचे नाही. एका क्वार्टरबॅकने ते २०१४ मध्ये, आपली उमेदीची वर्षे पणाला लावून, मांडले होते, आणि आज चाललेला गोंधळ समजून घ्यायचा तर त्याच्या कारकिर्दीकडे परत जाण्यावाचून गत्यंतर नाही.

केन कोल्टर हा कोलोरॅडोतून आलेला मुलगा शिकागोच्या उत्तरेला, मिशिगन सरोवराच्या काठावरच्या एव्हन्स्टनमधील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात खेळत होता. क्वार्टरबॅक म्हणजे प्रत्येक डावाच्या सुरुवातीला चेंडू ज्याच्या हाती येतो, समोरची रचना वाचून तो कुणाकडे फेकायचा की स्वतःच घेऊन पळायचे हे जो क्षणार्धात ठरवतो तो खेळाडू. संघाचे डोके आणि हात दोन्ही तोच. कोल्टरचे वैशिष्ट्य असे की तो एका डावात चेंडू फेकायचा आणि पुढच्याच डावात बाजूला उभा राहून दुसऱ्याने फेकलेला चेंडू झेलायचा. नोव्हेंबर २०११ मध्ये मुख्य क्वार्टरबॅक डॅन पर्सा जखमी झाल्यावर कोल्टर पुढे झाला आणि नॉर्थवेस्टर्नने नेब्रास्काला त्यांच्याच मैदानावर २८-२५ असे हरवले. १ जानेवारी २०१३ रोजी गेटर बोलमध्ये या संघाने मिसिसिपी स्टेटवर ३४-२० अशी मात केली, तेव्हा १९४९ च्या रोझ बोलनंतर हंगामाअखेरचा असा सामना नॉर्थवेस्टर्नने पहिल्यांदाच जिंकला होता. शरद ऋतूतल्या शनिवारी पर्पल लाइनच्या गाडीतून सेंट्रल स्ट्रीट स्थानकावर उतरणारा जांभळ्या कपड्यांतला जमाव ज्यांनी पाहिला आहे, त्यांना चौसष्ट वर्षांनी आलेल्या त्या विजयाचे मोल वेगळे सांगायला नको.

हाच कोल्टर डॉक्टर व्हायचे म्हणून विद्यापीठात आला होता. वैद्यकीय शिक्षणाच्या वाटेवर रसायनशास्त्राचा एक अभ्यासक्रम अटळ असतो. त्या वर्गाची वेळ आणि सकाळच्या सरावाची वेळ एकमेकींवर आली, आणि सराव हलणार नव्हता. बरोबरीची मुले पुढे गेली, तो मागे पडला आणि अखेर मानसशास्त्राकडे वळला. कामगार संघटनांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय श्रमसंबंध मंडळापुढच्या साक्षीत त्याने हे सगळे सांगितले. शिक्षणाच्या मोबदल्यात खेळ, हा जो व्यवहार म्हणून सांगितला जातो, त्यातले शिक्षण कोणते घ्यायचे हेसुद्धा खेळाच्या वेळापत्रकाने ठरवले, एवढाच त्याचा अर्थ होतो. ज्या समाजात दहावीनंतर कोणत्या शाखेला जायचे यावर घरात महिनाभर खल होतो, त्या समाजातल्या वाचकाला या एका प्रसंगातली हानी समजावून सांगावी लागू नये.

२१ सप्टेंबर २०१३ रोजी मेन विद्यापीठाविरुद्धच्या सामन्यात कोल्टरने मनगटपट्टीवर तीन अक्षरे लिहिली : एपीयू, म्हणजे ‘सगळे खेळाडू एकत्र’. २८ जानेवारी २०१४ रोजी त्याने आणि रमोगी ह्यूमा या माजी खेळाडूने, पोलाद कामगार संघटनेच्या पाठिंब्यावर, कॉलेज खेळाडूंच्या संघटनेची घोषणा केली. मागण्यांची यादी वाचली की आजची चर्चा किती भरकटली आहे ते कळते. खेळामुळे झालेल्या दुखापतींचा खर्च, शिक्षण संपल्यानंतरही, विद्यापीठाने उचलावा. डोक्याला मार बसला की खेळाडू पुन्हा मैदानात उतरू शकतो का, हे संघाच्या पगारावर नसलेल्या तज्ज्ञाने ठरवावे. दुखापत झाली म्हणून शिष्यवृत्ती काढून घेऊ नये. पदवी पूर्ण करण्यासाठी मदत मिळावी. शिक्षा करण्यापूर्वी बाजू ऐकून घ्यावी. बाहेरच्या कंपन्यांच्या जाहिरातींतून कमाई करू द्यावी, हीसुद्धा एक मागणी होती, आणि ती लपवण्याचे कारण नाही. पण विद्यापीठाकडून पगार मिळावा, असे त्या यादीत कुठेही नव्हते.

संघटनेला मान्यता मिळावी या अर्जावर श्रमसंबंध मंडळाच्या शिकागोतील प्रादेशिक कार्यालयाचे संचालक पीटर सुंग ओर यांनी २६ मार्च २०१४ रोजी जो निर्णय दिला, तो आज वाद घालणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी वाचावा, कारण त्यात तत्त्वचर्चा कमी आणि रोजच्या जगण्याचा तपशील जास्त आहे. ऑगस्टच्या सराव शिबिरात खेळाडूचा दिवस सकाळी साडेसहाच्या सुमारास दुखापतींच्या तपासणीने सुरू होतो आणि रात्री साडेदहापर्यंत चालतो. शिबिराच्या महिन्यात आठवड्याला ५० ते ६० तास, आणि पुढे वर्ग सुरू असताना, हंगामाचे तीन-चार महिने ४० ते ५० तास. भाड्याच्या घराचा करार करण्यापूर्वी प्रशिक्षकाची संमती लागते. गाडी कोणती वापरतो ते कळवावे लागते. बाहेर काम करायचे तर परवानगी घ्यावी लागते. समाजमाध्यमांवर प्रशिक्षकाने मैत्रीची विनंती पाठवली तर ती नाकारता येत नाही, आणि तिथे काय लिहिले जाते यावर लक्ष ठेवले जाते. आता कुणीही सांगावे की विद्यापीठातल्या कोणत्या ‘विद्यार्थ्या’वर एवढा ताबा असतो? ओर यांनी कायद्याची जुनी, साधी कसोटी लावली : दुसऱ्यासाठी, त्याच्या हुकमाखाली, मोबदला घेऊन केलेले काम. २००३ ते २०१२ या काळात नॉर्थवेस्टर्नच्या फुटबॉलने सुमारे २३.५ कोटी डॉलरचे उत्पन्न मिळवले होते. शिष्यवृत्ती हा मोबदला, प्रशिक्षकाचा शब्द हा हुकूम आणि उत्पन्न विद्यापीठाचे. म्हणून हे कर्मचारी आहेत, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

‘विद्यार्थी-खेळाडू’ हा शब्द आपण इतक्या सहजपणे वापरतो की तो कुठून आला हे कुणी विचारत नाही. १९५३ मध्ये कोलोरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयाने डेन्व्हर विद्यापीठाच्या अर्नेस्ट नेमेथ या जखमी खेळाडूला कामगार नुकसानभरपाईचा हक्क आहे, असे ठरवले होते. १९५५ मध्ये त्याच राज्यातल्या फोर्ट लुईस कॉलेजचा रे डेनिसन सामन्यात डोक्याला मार बसून मरण पावला; त्याच्या विधवेने भरपाई मागितली, आणि १९५७ मध्ये त्याच न्यायालयाने, कॉलेज काही फुटबॉलचा धंदा करत नाही, असे म्हणत ती नाकारली. अशा दाव्यांच्या धास्तीतूनच खेळांचे नियमन करणाऱ्या एनसीएएने हा जोडशब्द घडवला आणि तो सर्वत्र वापरण्याचा आग्रह धरला, हे त्या संस्थेचे १९५१ ते १९८७ या काळातले कार्यकारी संचालक वॉल्टर बायर्स यांनीच निवृत्तीनंतर लिहून ठेवले आहे. म्हणजे जो शब्द आज शिक्षणाच्या पावित्र्याचे प्रतीक म्हणून मिरवला जातो, तो मुळात भरपाई चुकवण्यासाठी जन्माला आला. १९७४ मध्ये टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठाचा केंट वॉल्ड्रेप अलाबामाविरुद्धच्या सामन्यात मान मोडून पक्षाघाताने अपंग झाला. सन २००० मध्ये, म्हणजे पंचवीसहून अधिक वर्षांनी, टेक्सासच्या न्यायालयाने त्यालाही तो कर्मचारी नव्हता असेच सांगितले. कोल्टर त्याच कोलोरॅडोतला. त्याच्या मागण्यांच्या यादीत दवाखान्याचा खर्च सर्वात वर का होता, याचे उत्तर या इतिहासात आहे.

आता विरोधकांचे म्हणणे. त्यातले सर्वात वजनदार म्हणणे शिष्यवृत्तीचे आहे आणि ते मी हलक्याने घेत नाही. नॉर्थवेस्टर्नच्या खेळाडूला मिळणारी शिष्यवृत्ती तेव्हा वर्षाला सुमारे ६१ हजार डॉलरची होती आणि उन्हाळी अभ्यासक्रम धरून ती ७६ हजारांपर्यंत जात असे. शिकवणी, राहणे, जेवण, पुस्तके, सगळे त्यात आले. अशा विद्यापीठात मुलाला पाठवण्यासाठी घर गहाण टाकणारे, जमीन विकणारे पालक आपल्याकडे आहेत. त्यांना ‘फुकट शिकायला मिळते, आणखी काय हवे?’ असे वाटले तर त्यांना दोष देता येणार नाही. कोल्टरनेही त्या पदवीला कधी कमी लेखले नाही. पण मोबदला मोठा आहे, एवढ्याने तो मोबदला नाही असे सिद्ध होत नाही. उलट मोठा मोबदला देऊन काम करून घेतले जाते, हेच सिद्ध होते. पुण्याहून किंवा नागपूरहून डॉक्टरेटसाठी अमेरिकेत आलेल्या मुलीचे उदाहरण घ्या. तिची फी माफ असते, दरमहा विद्यावेतन मिळते, आणि त्याबदल्यात ती पदवीच्या मुलांचे प्रयोग घेते, उत्तरपत्रिका तपासते, शंका सोडवते. ऑगस्ट २०१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या प्रकरणात राष्ट्रीय श्रमसंबंध मंडळाने अशा अध्यापन सहाय्यकांना कर्मचारी ठरवले. जानेवारी २०२३ मध्ये खुद्द नॉर्थवेस्टर्नच्या डॉक्टरेटच्या विद्यार्थ्यांनी प्रचंड बहुमताने संघटना स्थापन केली. त्यात भारतातून आलेली मुले-मुलीही आहेत. त्यामुळे त्यांचे भौतिकशास्त्रावरचे प्रेम आटले, असे कुणी म्हटल्याचे माझ्या ऐकण्यात नाही. एकाच आवारात, फी माफीच्या बदल्यात वहीत गुण मांडणारी कर्मचारी आणि फी माफीच्या बदल्यात गुडघे मोडून घेणारा मात्र केवळ विद्यार्थी, हा भेद कोणत्या तर्काने टिकतो?

दुसरा आक्षेप इतर खेळांचा आहे. बहुतेक विद्यापीठांचे क्रीडा विभाग तोट्यात चालतात. फुटबॉल आणि बास्केटबॉलच्या कमाईवर पोहणे, धावणे, व्हॉलीबॉल, कुस्ती हे खेळ तगून आहेत. स्त्रियांना समान संधी देणारा १९७२ चा टायटल नाइन कायदा पाळण्यासाठीही पैसा लागतो. फुटबॉलपटू कर्मचारी झाले तर पहिली कुऱ्हाड या खेळांवर पडेल, ही भीती खरी आहे. मीही ती बाळगतो. पण ही भीती दाखवणाऱ्यांनी पैसा आतापर्यंत कुठे गेला तेही सांगावे. ऑगस्ट २०२२ मध्ये बिग टेन परिषदेने, म्हणजे नॉर्थवेस्टर्न ज्यात खेळते त्या विद्यापीठांच्या गटाने, सात वर्षांसाठी ७०० कोटी डॉलरहून अधिक रकमेचा दूरचित्रवाणी करार केला. नॉर्थवेस्टर्नने २०१८ मध्ये सरोवराच्या काठी सुमारे २७ कोटी डॉलरचे क्रीडा संकुल उघडले. नोव्हेंबर २०२३ मध्ये टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने जिंबो फिशर या प्रशिक्षकाला काढले, तेव्हा केवळ करार मोडल्याबद्दल त्याला सुमारे ७.६ कोटी डॉलर द्यावे लागले. त्या एका रकमेत पोहण्याचे किती संघ किती वर्षे चालले असते? आणि व्हॉलीबॉलच्या मुलींची एवढी काळजी होती, तर दूरचित्रवाणीच्या पैशासाठी लॉस एंजेलिसची विद्यापीठे न्यू जर्सीच्या रटगर्सबरोबर एकाच परिषदेत बसवून त्या मुलींना अख्खा खंड ओलांडायला कुणी लावले? खेळाडूंच्या संघटनेने तो निर्णय घेतलेला नव्हता. बोलणीच्या टेबलावर खेळाडू असते तर प्रवासाचा मुद्दा कुणीतरी काढला तरी असता.

तिसरा आक्षेप कायद्याचा आहे, आणि कोल्टरच्या लढ्याचा घास त्यानेच घेतला. राष्ट्रीय श्रमसंबंध मंडळाचा अधिकार खासगी संस्थांपुरता आहे. सर्वोच्च स्तरावर खेळणाऱ्या सुमारे सव्वाशे विद्यापीठांपैकी केवळ १७ खासगी होती आणि बिग टेनमध्ये तर नॉर्थवेस्टर्न एकटेच. एका संघाला एक नियम आणि त्याच्याच प्रतिस्पर्ध्यांना दुसरा, अशाने स्पर्धेचा तोल जाईल, असे म्हणत १७ ऑगस्ट २०१५ रोजी वॉशिंग्टनमधल्या मंडळाने एकमताने हे प्रकरण हाती घेण्यास नकार दिला. खेळाडू कर्मचारी नाहीत, असे मंडळाने म्हटले नाही. तो प्रश्नच त्याने सोडवला नाही. ही अडचण काल्पनिक नव्हती, हे मी मान्य करतो. राज्य विद्यापीठांच्या नोकरांना संघटनेचा हक्क द्यायचा की नाही, हे त्या त्या राज्याचा कायदा ठरवतो आणि दक्षिणेतल्या अनेक राज्यांत तो हक्क जवळजवळ नाहीच. पण अडचण असली की दार बंद करायचे, की कायदा बदलायचा? अमेरिकेच्या संसदेला, म्हणजे काँग्रेसला, हे एका कायद्याने सोडवता येईल. जुलै २०२५ मध्ये प्रतिनिधिगृहात मांडलेले ‘स्कोअर’ विधेयक मात्र उलट दिशेने जाते : खेळाडूंना कर्मचारी मानता येणार नाही, असेच ते लिहून ठेवू पाहते. ज्या गोष्टीला कायद्यात आधार नाही असे वर्षानुवर्षे सांगितले गेले, ती होऊ नये म्हणून आता खास कायदा करावा लागतो आहे. २०२१ मध्ये खेळाडूंच्या शैक्षणिक लाभांवरील मर्यादांबद्दलच्या ऑल्स्टन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नऊ विरुद्ध शून्य मतांनी एनसीएएला फटकारल्यानंतर, आणि २०२४ मध्ये तिसऱ्या विभागाच्या अपील न्यायालयाने कॉलेज खेळाडू वेतनकायद्याखाली कर्मचारी ठरू शकतात असे म्हटल्यानंतर, ही घाई का सुरू झाली ते उघड आहे.

पैसा आला की खेळाचा आत्मा जातो, हा चौथा आक्षेप. तो भावनेचा आहे, म्हणून अधिक चिवट आहे. क्रिकेट जाणणाऱ्या आपल्यासारख्यांना त्याचे उत्तर इंग्लंडच्या इतिहासात सापडेल. तिथे शतकाहून अधिक काळ खेळाडूंचे दोन वर्ग होते, हौशी ‘जंटलमन’ आणि पगारी ‘प्लेयर’. एकाच संघातून खेळताना दोघांचे कपडे बदलण्याचे कक्ष वेगळे, मैदानात उतरण्याची दारेही वेगळी. गुणफलकावर हौशी खेळाडूची आद्याक्षरे आडनावाच्या आधी आणि पगारी खेळाडूची नंतर छापली जात. फ्रेड टिटमस या तरुण फिरकीपटूच्या नावात ही चूक झाली, तेव्हा लॉर्ड्सवर ध्वनिक्षेपकावरून दुरुस्ती जाहीर करण्यात आली. हा भेद १९६२ च्या अखेरीस रद्द झाला. तेव्हाही खेळ संपणार, असे म्हणणारे थोर लोक होते. क्रिकेट त्यानंतरही राहिले. गेली ती फक्त ‘आम्ही हौसेने खेळतो’ म्हणून दुसऱ्याला मागच्या दाराने पाठवण्याची सोय. हौशीपणाचे तत्त्व बहुतेक वेळा ज्यांचे पोट भरलेले असते त्यांनीच इतरांसाठी आखलेले असते. कॉलेज फुटबॉलमध्ये तर प्रशिक्षक, क्रीडा संचालक, समालोचक, दूरचित्रवाहिन्या हे सगळे व्यावसायिक आहेत. हौशी राहण्याची अपेक्षा फक्त ज्याचे डोके आपटते त्याच्याकडून आहे.

आता आजच्या गोंधळाकडे येतो, कारण ‘पाहा, हेच व्हायचे होते’ असे म्हणून तो आमच्यासारख्यांच्या तोंडावर मारला जातो. एप्रिल २०२५ मध्ये टेनेसीचा क्वार्टरबॅक निको इआमालेआवा मोबदल्याच्या वादातून सरावाला आला नाही. विद्यापीठाने त्याला वगळून पुढे जायचे ठरवले आणि तो यूसीएलएकडे गेला. न्यू मेक्सिकोतल्या सैनिकी कनिष्ठ महाविद्यालयातून सुरुवात करून व्हँडरबिल्टला पोहोचलेल्या, आणि ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पहिल्या क्रमांकाच्या अलाबामाला ४०-३५ असे हरवणाऱ्या डिएगो पाव्हियाला आणखी एक वर्ष खेळता येईल की नाही, हे अखेर टेनेसीच्या फेडरल न्यायाधीशाने ठरवले, कारण कनिष्ठ महाविद्यालयातला काळ मोजायचा की नाही याबद्दल एनसीएएचा नियम कुणाशीही बोलणी न करता बनवलेला होता. ही स्थिती वाईट आहे, यात शंका नाही. नियमांत स्थैर्य हवे, खेळाडूने अर्ध्यावर सोडून जाऊ नये, संघांमध्ये पैशांची अमर्याद चढाओढ नसावी, या अपेक्षा रास्त आहेत. परंतु अमेरिकेच्या कायद्यात असे निर्बंध कसे टिकतात, याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. मालकांनी आपसात ठरवून कामगारांच्या कमाईवर किंवा बदलीवर मर्यादा घातली तर ती मक्तेदारीविरोधी कायद्यात सापडते. तीच मर्यादा संघटनेशी बोलणी करून, करारात लिहून घातली तर ती वैध ठरते. एनएफएल या व्यावसायिक फुटबॉल लीगमध्ये खेळाडूंना संघ बदलण्याची मोकळीक आणि संघांच्या पगारखर्चावर कमाल मर्यादा, या दोन्ही गोष्टी १९९३ च्या सामूहिक करारातून एकत्र आल्या. २०११ च्या करारात त्याच संघटनेने हंगामातले पूर्ण पोशाखातले अंगाला अंग भिडवणारे सराव १४ वर आणून ठेवले. पैसा, शिस्त आणि सुरक्षितता एकाच कागदावर आली, कारण त्या कागदावर दोन बाजूंच्या सह्या होत्या. कॉलेज फुटबॉलने पैसा दिला आणि सही करणारी दुसरी बाजू मात्र नाकारली. ज्यांना खेळात शिस्त हवी आहे त्यांनीच खेळाडूंच्या संघटनेला सर्वात जास्त विरोध करावा, हे मला समजत नाही.

निष्ठेचा मुद्दा याच ठिकाणी निकालात काढला पाहिजे. नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस मिसिसिपी विद्यापीठाचा संघ अकरा सामने जिंकून राष्ट्रीय स्पर्धेच्या उंबरठ्यावर असताना त्याचे प्रशिक्षक लेन किफिन प्रतिस्पर्धी एलएसयू विद्यापीठाची नोकरी घेऊन निघून गेले. टीका झाली, पण व्यवस्था म्हणून कुणालाही धक्का बसला नाही, कारण प्रशिक्षक नोकरी करतो आणि नोकरी बदलता येते, हे सर्वांना मान्य आहे. पंचेचाळीस-पन्नास वर्षांच्या माणसाला जे शोभते ते वीस वर्षांच्या मुलाला शोभत नाही, असे म्हणायचे असेल तर ते वयाच्या आधारावर तरी म्हणू नये.

कोल्टरच्या पाठोपाठ आलेल्यांनी हा रस्ता पुन्हा धरून पाहिला. डार्टमाउथच्या बास्केटबॉल संघाने, जिथे खेळासाठी शिष्यवृत्तीही मिळत नाही, ५ मार्च २०२४ रोजी १३ विरुद्ध २ मतांनी संघटनेच्या बाजूने कौल दिला. कॉलेजने बोलणी करायलाच नकार दिला, आणि सरकार बदलल्यावर वॉशिंग्टनमधल्या मंडळाचे वारे बदलणार हे दिसताच वर्षाच्या शेवटच्या दिवशी संघटनेचा अर्ज मागे घेतला गेला. तरीही कोल्टरच्या धक्क्याने जे हलले ते नोंदवले पाहिजे. त्याच्या निकालानंतर तीन आठवड्यांच्या आत, एप्रिल २०१४ मध्ये, एनसीएएने खेळाडूंच्या जेवणावरची मर्यादा उठवली. जानेवारी २०१५ मध्ये पाच मोठ्या परिषदांनी ७९ विरुद्ध १ मताने शिष्यवृत्तीत राहणीमानाचा खरा खर्च धरायला मान्यता दिली, आणि खेळातल्या कामगिरीच्या कारणाने शिष्यवृत्ती काढून घेऊ नये हेही ठरवले. ही मागणी कोल्टरच्या यादीतली होती. पण जे दिले ते वरून दिले. वरून दिलेले वरूनच परत घेता येते. जुलै २०२३ मध्ये नॉर्थवेस्टर्नच्याच फुटबॉल संघात नवख्या खेळाडूंच्या छळाचे प्रकार विद्यापीठाने नेमलेल्या चौकशीत पुढे आले आणि मुख्य प्रशिक्षकाला काढण्यात आले. त्यांना त्याची कल्पना होती असा पुरावा मिळाला नाही, हे विद्यापीठाने नंतर मान्य केले. दोष कुणाचा हा माझा विषय नाही. अशा वेळी अठरा वर्षांच्या मुलाने जायचे कुठे, हा आहे. संघटित कामाच्या जागी तक्रार ऐकणारा, संस्थेच्या पगारावर नसलेला कुणीतरी असतो. इथे तो नव्हता.

राहिला शेवटचा आक्षेप, आणि मला तो सर्वात अवघड वाटतो : खुद्द कोल्टरच्या सहकाऱ्यांपैकी अनेकांना हे नको होते. त्याच्यानंतर संघाचा क्वार्टरबॅक होणार असलेला ट्रेव्हर सीमियन याने, आपल्याला इथे चांगली वागणूक मिळते आणि आपण विरोधात मत देणार, असे एप्रिल २०१४ मध्ये पत्रकारांना स्पष्ट सांगितले. मुख्य प्रशिक्षक पॅट फिट्झजेराल्ड यांनीही विरोधात मत देण्याचे आवाहन केले. पुढे सीमियन डेन्व्हरकडून एनएफएलमध्ये खेळला आणि २०१६ मध्ये त्यांचा पहिल्या पसंतीचा क्वार्टरबॅक झाला. कोल्टर घोट्याच्या दुखापतीतून गेला, निवडप्रक्रियेत कुठल्याही संघाने त्याचे नाव घेतले नाही, आणि मिनेसोटासारख्या संघांच्या सरावपथकांपलीकडे त्याची मजल गेली नाही. एका खोलीत कपडे बदलणाऱ्या या दोन क्वार्टरबॅकपैकी कुणाचे बरोबर होते, हे त्यांच्या नंतरच्या यशापयशाने ठरत नाही. सीमियनचे मत प्रामाणिक होते. पण हा आक्षेप संघटनेच्या हक्काविरुद्ध जात नाही. तो त्या हक्काचा वापर आहे. मला नको, असे म्हणायला सीमियनला मतपत्रिका मिळाली, ती ओर यांच्या निर्णयामुळे.

२५ एप्रिल २०१४ रोजी एव्हन्स्टनमधल्या मॅकगॉ हॉलमध्ये मतदान झाले. मताचा अधिकार ७६ खेळाडूंना होता. ज्याने ही मागणी उभी केली त्या कोल्टरला मत नव्हते, कारण कॉलेजकडून खेळण्याची त्याची मुदत संपली होती. विद्यापीठाने अपील केलेले असल्यामुळे मतपत्रिका मोजणी न करताच सीलबंद करून ठेवल्या गेल्या, आणि सोळा महिन्यांनी मंडळाने प्रकरण हाती घ्यायला नकार दिल्यावर त्या मोजण्याची वेळ कधीच आली नाही. बहुमत सीमियनच्या बाजूने होते की कोल्टरच्या, हे आजही कुणाला सांगता येत नाही.